कुणी राहिलं का?

शालूबाई गेल्या तेव्हा वॉर्डात सकाळचा चहा अजून फिरत होता. त्यांच्या मुलीला, अपेक्षाला, एका तरुण डॉक्टरनं बाहेरच्या बाकावर बसवलं आणि आई कशानं गेली ते सांगितलं. शब्द कळत होते, पण त्यांचा आईशी काही संबंध असेल हे काही केल्या तिच्या मनात शिरेना. सिकलसेल हा शब्द तिच्या वाचनातला होता. सदाशिव पेठेतल्या एका प्रकाशनात ती मुद्रितं तपासायची आणि नाना विषयांची पानं तिच्या हाताखालून जायची. पण पुस्तकातला आजार तो पुस्तकातला. आपल्या घरात तो चाळीस वर्षं अंथरूण टाकून बसला होता, हे आज, आई गेल्यावर, कुणी परका माणूस सांगत होता.

डॉक्टर बिचारा समजावून सांगत होता. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात. मग हाडं ठणकतात, डोळे पिवळे पडतात. छातीत अडकल्या की श्वास पुरत नाही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आईबापांकडून येतो. मुळापासून जाणं अवघड, पण वेळेवर कळलं तर गोळ्या आहेत, पथ्यपाणी आहे, माणूस पुष्कळ वर्षं जगतं.

"तुम्ही मूळच्या कुठल्या?" त्यानं विचारलं.

"कुरखेड्याकडच्या. गडचिरोली जिल्हा."

"समाज?"

"गोंड," अपेक्षा म्हणाली. पुण्यात हा शब्द तिनं फारसा उच्चारला नव्हता.

डॉक्टरनं मान हलवली. तिकडच्या दवाखान्यात पिवळे डोळे बघून पहिला संशय हाच आला असता, म्हणाला. इथं कुणाच्या लक्षातच येत नाही. मग त्यानं केसपेपरवरचा पत्ता वाचला आणि तो जरा थबकला.

"पण तुमच्या वस्तीत तर सिकलसेलची तपासणी झालीय. आमच्याकडं उदाहरण म्हणून सांगतात. एक माणूस सोडला नाही म्हणे. मग यांची कशी राहिली?"

अपेक्षानं बाजूला बघितलं. शेजारी तिची मुक्ता मावशी उभी होती, आईची सख्खी धाकटी बहीण, भिंतीला पाठ लावून आणि दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून. डॉक्टरची नजर त्या हातांवर गेली. यांची तपासणी आजच्या आज करा, तो म्हणाला. आणि तोवर यांना उपाशी, तहानलेलं ठेवू नका. मावशीनं ते ऐकलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

धायरीच्या पुढं, ओढ्याच्या अंगाला, आप्पासाहेब पोकळ्यांच्या ज्वारीच्या शेतात आता खोल्या उभ्या होत्या. त्यात राहणारे निम्मेअधिक लोक पूर्वेकडचे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा. कुणी कारखान्यात, कुणी बांधकामावर. शालूबाईंचा नवरा बांधकामावरून पडून गेला तेव्हा अपेक्षा शाळेत होती. पुढं दोन्ही बहिणींनी पोळ्या लाटून दिवस काढले. थंडी सुरू झाली की आई गोधडीत शिरायची आणि हाडात गार वारा शिरलाय म्हणायची. गल्लीच्या तोंडाशी बसणारा डॉक्टर कधी वात म्हणायचा, कधी पित्त, आणि सुई मारायचा. सुईनं बरं वाटायचं. मावशीचंही तसंच. दोघी बहिणी एकसारख्या, लोक कौतुकानं म्हणायचे, दुखणंसुद्धा वाटून घेतात.

आईला पोचवून आल्यावर मावशी कोपऱ्यात बसली ती बसलीच. अपेक्षानं पाण्याचा पेला पुढं केला की मावशी तो ओठांना लावून खाली ठेवायची. तिसऱ्या दिवशी मावशीचे डोळे अपेक्षाला पिवळे दिसले. उजेडाचा भास असेल म्हणून तिनं खिडकी पूर्ण उघडली. भास नव्हता.

त्याच सकाळी ती वस्तीतल्या दवाखान्यात गेली. डॉ. मृणाल सोवनी वस्तीत सगळ्यांच्या ओळखीच्या. स्कूटरवरून यायच्या, तोडून बोलायच्या, पण अडल्या वेळी फोन उचलायच्या. शालूबाई गेल्याचं त्यांना कळलं होतं. कशानं ते कळलं नव्हतं. अपेक्षानं सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"शक्य नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या वस्तीत तपासायची एकही बाई राहिलेली नाही."

आणि त्यांनी तसं म्हणावं असंच ते काम झालं होतं. आधी लोक तपासणीला येतच नसत. रोजाचा दिवस बुडवून रक्त द्यायला कोण येणार? तेव्हा डॉक्टरबाईंनी डोकं लढवलं. लोक दवाखान्यात येत नाहीत ना, मग दवाखाना जाईल त्यांच्यात. दवाखाना, शाळा, गणपती मंडळ आणि बायकांचा बचत गट, चौघांनी मिळून भार उचलला. पोरांची तपासणी शाळेत झाली. पुरुषांची गणपतीत, आरतीनंतर मांडवात, प्रसादाच्या आधी. आणि बायकांची संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. हळदीकुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा, बोटाला टोचायचं आणि हातात वाण म्हणून स्टीलची वाटी. बायका नटून आल्या, हसत रक्त देऊन गेल्या. ज्यांच्यात आजार निघाला त्यांना गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या वॉर्डांतून माणसं बघायला आली. कल्पना खरोखर चांगली होती. अपेक्षानं पुढंही ते कधी नाकारलं नाही.

"हॉल भरला होता," डॉक्टर सांगत होत्या. "मी शेवटी दारात उभी राहिले आणि मोठ्यानं विचारलं, कुणी राहिलं का? सगळ्या म्हणाल्या, नाही, सगळ्या आल्या. या श्रद्धाताई होत्या की तिथं. सांगा हो."

बचत गटाच्या श्रद्धाताई औषधांच्या खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी होकार भरला. खरंच सगळ्या आल्या होत्या, त्या म्हणाल्या. आमंत्रण द्यायला मी स्वतः दारोदार फिरले.

अपेक्षाला एकदम घरातला तिळाचा वास आठवला. त्या संक्रांतीला आईनं दोन दिवस बसून वड्या थापल्या होत्या. आईच्या हाताची वडी खुसखुशीत म्हणून बचत गटाचं ते काम तिच्याकडं असायचं. डबा भरून झाल्यावर तिनं तो शेजारच्या सुनेच्या हाती हॉलवर धाडला होता. स्वतः दारात बसून ती येणाऱ्याजाणाऱ्या बायकांच्या साड्या बघत होती, आणि संध्याकाळी अपेक्षा कामावरून आली तेव्हा कुणाची साडी कशी होती ते तिनं हौसेनं सांगितलं होतं.

"हळदीकुंकवाला," अपेक्षा म्हणाली. तिचा आवाज तिलाच दुसऱ्या कुणाचा वाटला. "श्रद्धाताई, तुम्ही आईला बोलावलं होतं?"

श्रद्धाताईंनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"अगं, त्यांना कसं बोलावणार," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना वाईट वाटलं असतं."

बाहेर एका बाळाला लस टोचली जात होती, त्याचं रडणं तेवढं येत राहिलं. डॉक्टर सोवनी श्रद्धाताईंकडं बघत होत्या, मग टेबलाकडं, मग स्वतःच्या हातांकडं. त्या पुण्याच्या पेठेत वाढलेल्या; दर संक्रांतीला आपल्या आईची लुगडी नेसून हळदीकुंकवाला जात आलेल्या. विधवा बाई तिथं नसते हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि म्हणूनच नसलेली बाई त्यांना दिसली नव्हती.

"मी विचारलं होतं," त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी फार सावकाश. "दारात उभं राहून विचारलं होतं. कुणी खोटं बोललं नाही."

"नाही," अपेक्षा म्हणाली. "कुणीच नाही."

खरा धक्का अजून पुढंच होता. डॉक्टरांनी खुर्ची ओढून श्रद्धाताईंना समोर बसवलं आणि वस्तीत अशा बाया कोण कोण ते विचारलं. श्रद्धाताई घरांच्या खुणांनी सांगू लागल्या. गिरणीमागची. तिचा नवरा काविळीनं गेला, ऐन तिशीत. नळापाशी राहते ती. तिचा प्यायचा, छातीत दुखतंय म्हणाला आणि रिक्षात गेला. वरच्या आळीतली बाई, तिच्या मालकांचे पाय सुजायचे, हाडं दुखतात म्हणून कामावर खाडे, मग एका थंडीत संपले. मुक्ताबाईंचे तर अपेक्षाला ठाऊकच; दारूनं लिव्हर गेलं, डोळे हळदीसारखे पिवळे. सांगता सांगता श्रद्धाताईंचा आवाज बारीक होत गेला. त्या काय सांगत होत्या ते त्यांनाच ऐकू यायला लागलं होतं.

"हे सगळे तिकडचेच?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्याकडचेच," अपेक्षा म्हणाली.

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. वडील तेवढे आजारानं नव्हे, पडून गेले होते. पण आईही तपासायची राहिली ती कुंकू नसल्यामुळंच. आणि बाकीच्या घरांमध्ये, ज्यांना ज्यांना त्या दिवशी वगळलं होतं, त्यातल्या कितीतरी घरांतून आजारानंच आधी माणूस नेला असावा. आजार जिथं जिथं येऊन गेला तिथंच आमंत्रण गेलं नव्हतं. कुणी ठरवून केलं असतं तरी इतकं चोख जमलं नसतं.

डॉक्टर सोवनी पिशवी घेऊन तिच्याबरोबर घरी आल्या. मुक्ता मावशीनं दोन्ही हात पदराखाली घेतले ते काढले नाहीत. अशीच सुई मोठ्या दवाखान्यात शालूलेबी टोचली होती, ती म्हणाली. डॉक्टरांनी समजावलं, मग रागावल्या, मग पुन्हा समजावलं. नुसतं बोट, एक थेंब, जागच्या जागी कळेल. मावशी भिंतीकडं तोंड करून बसली.

डॉक्टर गेल्यावर अपेक्षा तिच्या पायांशी बसली. तिनं आवाज चढवला नाही. मावशी, तुझे डोळे पिवळे झालेत, एवढंच सांगितलं.

"होऊ दे," मावशी म्हणाली. "मले एकटीले कायले टोचता? लोक म्हणन, नवरा खाल्ला, बहीण खाल्ली, आता हिच्यातच काही आहे. आप्पासाहेब खोली खाली कर म्हणन. सगळ्याइची करा, मंग माझी करा."

"सगळ्यांची झालीय, मावशी."

"आमची कुठी झाली? आमच्यासारख्याइची?" ती वळली. "गावात आपल्यात असं नव्हतं वं. नवरा मेला त बाई दुसरं घर करे. मांडवातबी येई, गाणेबी म्हणे. इथं आलो आन् हे इथलं शिकलो. शालूच मले म्हणे, मुक्ता, इथं राहाचं त इथल्यासारखं राहा."

हे अपेक्षाला कुणीच सांगितलं नव्हतं. आईनं स्वतःच्या हातानं दार लावून घेतलं होतं, शेजाऱ्यांना बरं वाटावं म्हणून, आणि मग त्या दाराआडून वड्या पाठवल्या होत्या.

अशा राहिलेल्या सगळ्याजणी एकत्र करायच्या तर कुठं, हा प्रश्न घेऊन ती आठवडाभर फिरली. दवाखान्यात त्या येणार नव्हत्या. हळदीकुंकवाला बोलावलं तर लाजून घरात बसल्या असत्या. लग्नात मागं उभ्या राहत, बारशाला नावापुरत्या जात. त्या दरम्यान मावशीला पाणी पाजणं हेच अपेक्षाचं काम झालं. भांडं भरून समोर बसायचं आणि संपेपर्यंत उठायचं नाही. मग एका दुपारी गिरणीमागची बाई भेटायला आली आणि तेरवीच्या जेवणाला पीठ किती मळायचं ते विचारू लागली. आम्ही सगळ्या आहोत ना, ती म्हणाली, तू काळजी करू नको, मयताचं रांधणं आमच्याकडंच असतं. ती सहज बोलून गेली. अपेक्षा तडक दवाखान्यात गेली आणि राहिलेल्यांची तपासणी तेरवीलाच करू म्हणाली.

डॉक्टर सोवनी आधी नाहीच म्हणाल्या. कुणाच्या दुःखाच्या दिवशी आपण किट उघडून बसायचं, लोक काय म्हणतील? अपेक्षा म्हणाली, दुःख माझंच आहे, मी बोलावतेय. मग प्रश्न राहिला जागेचा. मंडळाची शेड आप्पासाहेबांच्या ताब्यात. खोल्या त्यांच्या, मंडळाचे अध्यक्ष तेच. ते दारात खुर्ची टाकून बसले होते.

"अवं, माणसाला जेवाया बोलवायचं आन् रगत काढायचं," ते म्हणाले, "ही कुठली रीत म्हणायची?"

"गणपतीत काढलं तेव्हा कुणी रीत विचारली नाही, आप्पासाहेब."

"तो गणपती हाय. हे मयत हाय."

"म्हणूनच," अपेक्षा म्हणाली. "माझी आई गणपतीतही आली नाही आणि संक्रांतीतही नाही. ती फक्त मयतातच पुढं असायची. तिच्यासारख्या ज्या आहेत, त्या दुसऱ्या कुठल्या दिवशी मिळतील ते तुम्ही सांगा. त्या दिवशी करू."

आप्पासाहेबांनी चष्मा काढून धोतराला पुसला. त्यांचीही एक थोरली बहीण होती, लहानपणीच कपाळ पांढरं झालेली, जन्मभर माहेरच्या स्वयंपाकघरात राहिलेली. तिचं नाव त्यांनी काढलं नाही.

"लई वाचतीस तू," ते शेवटी म्हणाले आणि किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. "पंखे चालू हायेत. पाण्याचा टँकर मी सांगतो. आन् खोल्या खाली करायचं कुणी बोललं तर माझं नाव सांग."

तेरवीच्या दिवशी त्या सगळ्याजणी पहाटेपासून आल्या होत्या. पदर खोचून, चुली पेटवून, एकमेकींना हुकूम सोडत. अपेक्षानं त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. शेडच्या एका टोकाला डॉक्टर सोवनी टेबल मांडून बसल्या. श्रद्धाताई शेजारी, डोळे वर न करता कापूस मोडत. आज त्यांच्या टेबलावर हळदीकुंकवाची कोयरी नव्हती.

पहिलं बोट अपेक्षानं पुढं केलं; संक्रांतीला ती कामावर होती, तिचीही राहिलीच होती. तिच्यात आजार नव्हता, नुसता वाहक अंश निघाला, म्हणजे स्वतःला त्रास नाही, पण पुढं मुलांत जाऊ शकेल असा. आईकडून तेवढं आलंच असणार, डॉक्टर म्हणाल्या. मग गिरणीमागची आली. मग नळापाशची, पिठाचे हात पुसत, आमचं मेलीचं रक्त तुम्हाला चालंल का, असं म्हणून हसवत. कुणाचं काही निघत नव्हतं. कुणाचं निघत होतं. निघालं की डॉक्टर त्या बाईचा हात हातात धरूनच सांगायच्या, आणि ती बाई पुन्हा पोळपाटाकडं जायच्या आधी क्षणभर तिथंच उभी राहायची.

मुक्ता मावशी सगळ्यात शेवटी आली. तिनं बोट दिलं आणि तोंड फिरवलं. पट्टीवर रेघ उमटायला वेळ लागत होता. अपेक्षा तिच्या मागं उभी होती, मावशीच्या खांद्यावर हात ठेवून.

"आहे," डॉक्टर म्हणाल्या. "बहिणीचं होतं तेच. पण तुम्ही आता मला सापडलात. गोळ्या आजपासून. पाणी भरपूर, थंडीत बाहेर नाही, आणि छातीत जरा दुखलं की लगेच मला फोन. कळलं?"

मावशीनं मान हलवली. ती घाबरली नव्हती. तिच्या मनात दुसरंच काही चाललं होतं.

"याच्यात डोळे पिवळे होते ना?" तिनं विचारलं.

"होतात."

"हाडं दुखते? रात्ररात्र?"

"हो."

"मंग तो," मावशी म्हणाली आणि थांबली. "माहा नवरा. सगळे म्हणे, दारूनं मेला. मीबी म्हणे. तो म्हणे, मुक्ता, दुखते म्हणून पेतो. मी म्हणे, तू पेते म्हणून दुखते."

डॉक्टरांनी पट्टी खाली ठेवली. आता ते नक्की सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या, रक्तच नाही तपासायला. पण असू शकतं. तुम्ही सांगता त्यावरून, असू शकतं.

मावशी कापूस बोटावर दाबून बसून राहिली. अपेक्षाला वाटलं मावशी आता रडेल, आणि ती तयार राहिली. पण मावशी रडली नाही.

"मरताना पाणी मांगे," ती कुणालाच उद्देशून नसल्यासारखी म्हणाली. "मी म्हटलं, दारू पे."

पंगत बसायची वेळ झाली. गेलेल्या माणसाचं पान आधी वाढायचं म्हणून शालूबाईंच्या फोटोपुढं पत्रावळ मांडली होती. तिच्यावर भात, वरण, वडे आणि कडेला तिळाची एक वडी. डॉक्टर सोवनी पिशवी आवरून शेडच्या दारात आल्या. सवयीनं त्या वळल्या, आणि मग सवय नसल्यासारख्या, अडखळत त्यांनी विचारलं, "कुणी राहिलं का?"

या वेळी सगळ्याजणी मागं वळून बघत होत्या, एकमेकींकडं, दाराकडं, खोल्यांच्या रांगेकडं, कोण दिसत नाही ते शोधत.

मुक्ता मावशी भिंतीला धरून उठली. गठ्ठ्यातून नवऱ्याच्या नावानं एक पत्रावळ काढली आणि बहिणीच्या पानाशेजारी मांडली. स्वतःच्या हातानं तिच्यावर थोडं थोडं सगळं वाढलं. मग पेलाभर पाणी ओतून पानाच्या उजव्या हाताला ठेवलं, आणि कुणीतरी यायचं असल्यासारखी ती तिथंच बसून राहिली.

अपेक्षानं दुसरा पेला भरला आणि तिच्यासमोर धरला. मावशीनं तो घेतला आणि ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.